संगणक आपला, हुकूम कोणाचा?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित देखभाल थांबवली. त्या रात्री कोणाचाही संगणक बंद पडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखाच सुरू झाला, फायली उघडल्या, प्रिंटर चालला. बदलले ते एवढेच, की या प्रणालीच्या सुरक्षेत यापुढे सापडणाऱ्या त्रुटी कंपनी आपणहून दुरुस्त करून देणार नाही. नावनोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव मुदत देऊ केली गेली. पुढचा रस्ता म्हणजे विंडोज ११. पण त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. याचा सरळ अर्थ असा, की २०१७ च्या आधी घेतलेले बहुतेक संगणक या दारातून आत जाऊ शकत नाहीत. कॅनालिस या बाजार-अभ्यास संस्थेने २०२३ च्या अखेरीस अंदाज वर्तवला होता, की यामुळे जगभरातले सुमारे २४ कोटी संगणक भंगाराच्या वाटेला लागू शकतात.

यातले कितीतरी संगणक आपल्या घरांत, शाळांत, पतसंस्थांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत आहेत. त्यांच्या मालकांना दुकानदार सांगतो, ‘हे आता जुने झाले, नवीन घ्या.’ म्हणून रोजच्या वापरासाठी कोणती ऑपरेटिंग सिस्टीम घ्यावी, या जुन्या प्रश्नाचा पुन्हा एकदा नीट आढावा घ्यायला हवा. हा वाद बहुधा आवडीनिवडीवर येऊन थांबतो. विंडोजवाले, मॅकवाले आणि लिनक्सवाले आपापला झेंडा सोडत नाहीत. मला मात्र वाटते, की रोजच्या वापराचा विचार पाच कसोट्यांवर व्हावा. आपले काम त्यावर होते का? मराठी नीट चालते का? यंत्र किती वर्षे चालू राहते? आपली माहिती आपल्याजवळ राहते का? आणि बिघडले तर जवळपास कोणी दुरुस्त करून देईल का? या पाचांच्या तळाशी एकच प्रश्न आहे: पैसे मोजून घेतलेल्या या यंत्रावर शेवटचा शब्द आपला, की कंपनीचा?

विंडोज: सवय, सोय आणि वाढता जाच

विंडोजची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९८५ मध्ये आली, पण तिला घराघरांत नेले ते १९९५ च्या विंडोज ९५ ने. स्टार्टचे बटण आणि खालची पट्टी तेव्हापासूनची. २००१ च्या एक्सपीने आपल्याकडच्या एका पिढीला संगणक शिकवला. त्याच वर्षी महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू केला. सरकारी नोकरीसाठी त्याचे प्रमाणपत्र लागू लागल्यावर गावोगावी केंद्रे निघाली. या अभ्यासक्रमाने लाखो माणसांच्या मनातली माऊसची भीती घालवली, हे त्याचे मोठे ऋण आहे. त्याचबरोबर संगणक शिकणे म्हणजे विंडोज आणि एमएस ऑफिस शिकणे, ही समजूतही तिथूनच पक्की झाली.

विंडोजचे खरे बळ तिच्या दिसण्यात नाही, तिच्याभोवती जमलेल्या जुन्या कामांत आहे. एक्सपीच्या काळात लिहिलेले अनेक ३२-बिट प्रोग्रॅम आजही विंडोज ११ वर चालतात. इतकी वर्षे मागचे सांभाळून नेणे हे अभियांत्रिकीचे फार मोठे काम आहे आणि त्याचे श्रेय मायक्रोसॉफ्टला मनापासून द्यायला हवे. व्यापाऱ्याच्या दुकानातली टॅली विंडोजवरच चालते. डिजिटल सहीचे टोकन लावून निविदा भरणे, विवरणपत्राची मॅक्रो असलेली एक्सेल फाइल भरणे, सेवा केंद्रातले बोटांचे ठसे घेणारे यंत्र जोडणे, ही सगळी कामे प्रामुख्याने विंडोज गृहीत धरूनच रचलेली असतात. फ्लेक्सवाल्याचे कोरल ड्रॉ आणि डीटीपीवाल्याचे पेजमेकर याच अंगणात वाढले. शिवाय बिघाड झाला तर तालुक्याच्या गावातही ‘फॉरमॅट मारून’ देणारा कोणीतरी असतोच. दुरुस्तीच्या कसोटीवर विंडोजला आजही जोड नाही.

पण शेवटचा शब्द कोणाचा, या कसोटीवर ती गेल्या दहा वर्षांत घसरत गेली आहे. विंडोज ११ ची होम आवृत्ती पहिल्यांदा सुरू करताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचे खाते मागते. आपल्या ‘डॉक्युमेंट्स’मधल्या फायली वनड्राइव्हवर पाठवायला लावते आणि तिथली ५ जीबीची मोफत जागा भरली, की पैसे भरण्याच्या सूचना सुरू होतात. स्टार्ट मेनूत न मागितलेल्या ॲपच्या शिफारशी दिसतात. अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थोपवता येते, त्यानंतर ते घ्यावेच लागते. मे २०२४ मध्ये जाहीर झालेली ‘रिकॉल’ ही सोय तर थोड्या थोड्या वेळाने पडद्याचे चित्र टिपून साठवणारी होती. सुरक्षा-अभ्यासकांनी इतका आक्षेप घेतला, की कंपनीला ती मागे घेऊन सुधारावी लागली. २०२५ मध्ये ती आली तेव्हा वापरणाऱ्याने स्वतः चालू केली तरच चालणारी झाली. लोकांनी आवाज उठवला म्हणून हे घडले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

एक गोष्ट प्रत्येक विंडोज ११ वाल्याने आजच तपासावी. नव्या संगणकांवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची ४८ आकडी किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन बसते. पुढे मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये काही बदल झाला, तर संगणक ती किल्ली मागतो. खाते दुकानदाराने स्वतःच्या मोबाइल नंबरवर उघडून दिलेले असेल, तर घरातले सगळे फोटो आणि कागदपत्रे त्या किल्लीवाचून अडकतात. म्हणून खाते आपल्याच नावावर, आपल्याच नंबरवर हवे आणि किल्ली कागदावर लिहून घरात ठेवलेली हवी.

चोरीच्या विंडोजबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. जोडून दिलेल्या संगणकांत ‘ॲक्टिव्हेटर’ मारून दिलेली प्रत आपल्याकडे इतकी रूढ आहे, की त्यात काही गैर आहे असेही अनेकांना वाटत नाही. कायद्याची बाजू क्षणभर दूर ठेवली, तरी अनोळखी माणसाने लिहिलेल्या प्रोग्रॅमला आपण संगणकाचे सर्वाधिकार देतो आणि मग त्याच संगणकावरून बँकेचे व्यवहार करतो. पैसे मोजून विंडोज घ्यायची नसेल, तर मोफत आणि कायदेशीर पर्याय आहे. तो घ्यावा, पण ही चोरवाट सोडावी.

मॅक: देखणा, टिकाऊ आणि कुंपणातला

मॅकिंटॉश जानेवारी १९८४ मध्ये आला. आजच्या मॅकओएसचा पाया मात्र २००१ मधला. ॲपलने नेक्स्ट ही कंपनी विकत घेतली, तिच्याबरोबर स्टीव्ह जॉब्ज परत आले आणि त्या कंपनीची युनिक्सवर उभी असलेली प्रणाली मॅकचा गाभा झाली. २०१३ पासून मॅकओएसच्या नव्या आवृत्तीला पैसे पडत नाहीत. २०२० च्या नोव्हेंबरात ॲपलने इंटेल सोडून स्वतःची एम१ चिप आणली. पंख्याशिवाय, न तापता, दिवसभर बॅटरीवर चालणारा लॅपटॉप त्यामुळे प्रत्यक्षात आला. वारंवार वीज जाणाऱ्या गावात राहून लिहिणाऱ्याला किंवा शिकवणाऱ्याला त्याचे मोल नीट कळते.

मॅकची माझ्या मते सर्वांत मोठी खूण म्हणजे शांतता. जाहिरात कमी, विषाणूंचा त्रास कमी, आणि ‘टाइम मशीन’सारखी बॅकअपची सोय २००७ पासून आतच बांधलेली. बाहेरची हार्ड डिस्क लावली, की बाकीचे तोच पाहतो. ज्यांना संगणकात रस नाही, कामात आहे, त्यांच्यासाठी हे उत्तम. चित्रपट-संकलन, संगीत, प्रकाशनाची मांडणी करणारे मॅककडे वळतात त्याला तशीच कारणे आहेत.

किंमत हा उघड अडथळा आहे, पण खरा अडथळा कुंपणाचा आहे. आजच्या मॅकमधली मेमरी नंतर वाढवता येत नाही. घेताना जेवढी घेतली, तेवढ्यावरच आयुष्य काढायचे. ऑक्टोबर २०२४ पर्यंत मॅकबुक एअरच्या सर्वांत स्वस्त प्रकाराला ८ जीबीच मेमरी होती, त्यानंतर ती १६ झाली. म्हणून जुना मॅक घेणाऱ्याने आधी हा आकडा पाहावा. पहिल्या मालकाने स्वतःचे ॲपल खाते त्यातून काढले आहे ना, हेही पाहावे. नाहीतर घेतलेले यंत्र उघडणारच नाही. जुने सांभाळण्याची विंडोजसारखी सवय ॲपलला नाही. २०१९ च्या आवृत्तीने ३२-बिट प्रोग्रॅम एका झटक्यात बाद केले आणि २०२५ ची ‘टाहो’ ही इंटेलच्या मॅकसाठी शेवटची आवृत्ती असल्याचे कंपनीनेच जाहीर केले. यंत्राचे आयुष्य इथे चांगले लांब असते, पण ते कधी संपले हे ठरवते कंपनीच. टॅली वापरणाऱ्या दुकानदाराने किंवा डिजिटल सहीवर रोजची कामे असलेल्या कार्यालयाने मॅकच्या मोहात पडू नये.

लिनक्स: सगळ्यांचे, म्हणून आपलेही

ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टॉर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण एक छोटी प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. त्याआधी १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी अमेरिकेत ग्नू प्रकल्पाची घोषणा केली होती. सॉफ्टवेअर वापरण्याचे, पाहण्याचे, बदलण्याचे आणि वाटण्याचे स्वातंत्र्य माणसाला असले पाहिजे, ही त्यांची भूमिका. या दोन प्रवाहांच्या संगमातून जे उभे राहिले, त्यावर आज इंटरनेटचा मोठा भाग चालतो. २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांपैकी प्रत्येकावर लिनक्स आहे. आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशीही लिनक्सच आहे. घरातल्या टेबलावर मात्र ते अजून पाहुणे आहे.

याचे एक कारण म्हणजे निवडीची गर्दी. डेबियन, उबुंटू, फेडोरा, मिंट... नवखा माणूस नावे ऐकूनच परततो. त्याला मी एकच सांगतो: लिनक्स मिंट घ्या. विंडोज वापरलेल्या माणसाला त्यात मेनू जिथे असावा तिथेच सापडतो. मिंटची २२ ही आवृत्ती जुलै २०२४ मध्ये आली आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत. तिला किमान २ जीबी मेमरी लागते, ४ असली तर काम सुखाने चालते. हार्ड डिस्क जुनी फिरणारी असेल, तर ती काढून एसएसडी बसवावी. एवढ्या एका खर्चात यंत्राचा वेग इतका सुधारतो, की नवे घेण्याचा विचारच मागे पडतो. संगणक फारच अशक्त असेल, तर मिंटचाच एक्सएफसीई हा हलका प्रकार आहे.

यात मला सर्वांत मोलाची वाटणारी सोय अशी, की काहीही न पुसता हे सगळे आधी करून पाहता येते. मिंट पेन ड्राइव्हवर घ्यायचे, संगणक त्यावरून सुरू करायचा आणि वाय-फाय लागते का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखतो का हे पाहायचे. जमले तर ठेवायचे, नाहीतर पेन ड्राइव्ह काढून घ्यायचा. आतल्या डिस्कवरची विंडोज जशीच्या तशी राहते. एवढी मोकळीक ना विंडोज देते, ना मॅक.

रोजच्या कामांपैकी काय चालते? ब्राउझरमधले सगळे: बँक, रेल्वेचे आरक्षण, सातबारा, शिक्षकांना भरावी लागणारी शाळेची ऑनलाइन माहिती. फायरफॉक्स आणि क्रोम दोन्ही मिळतात. झूम चालते, व्हॉट्सॲप ब्राउझरमधून चालते. लिहायला आणि हिशेबाला लिबर ऑफिस आहे. साध्या वर्ड आणि एक्सेल फायली त्यात चांगल्या उघडतात. गुंतागुंतीची मांडणी किंवा मॅक्रो असले, तर मात्र विस्कटतात. टॅली थेट चालत नाही, अडोबीचे फोटोशॉप नाही, कोरल ड्रॉ नाही. काही लेझर प्रिंटर आणि काही वाय-फाय चिप खटपट केल्याशिवाय दाद देत नाहीत. व्हॅलोरंटसारखे खेळ चालत नाहीत. मात्र व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणारे ‘प्रोटॉन’ आणल्यापासून आणि २०२२ मध्ये लिनक्सवर चालणारे ‘स्टीम डेक’ हे खेळयंत्र बाजारात आणल्यापासून इतर असंख्य खेळ चालू लागले आहेत.

सार्वजनिक संस्थांचा अनुभव दोन्ही बाजूंचा आहे. म्युनिक शहराने २००३ मध्ये विंडोज सोडायचे ठरवले आणि १० वर्षांत जवळपास १५ हजार संगणक लिनक्सवर नेले. पण २०१७ मध्ये नगरपरिषदेने परत विंडोजकडे जाण्याचा निर्णय घेतला. इतर कार्यालयांशी फायलींची देवाणघेवाण आणि राजकीय इच्छाशक्ती, दोन्ही त्यात आड आले. त्याच जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३० हजार कर्मचाऱ्यांना लिबर ऑफिस आणि पुढे लिनक्सवर नेण्याचे जाहीर केले.

आपल्या देशातले सर्वांत बोलके उदाहरण केरळचे. तिथल्या सरकारी शाळांतले संगणक-शिक्षण २००० च्या दशकातच मुक्त सॉफ्टवेअरवर गेले आणि आज ‘काइट’ ही सरकारी संस्था शाळांसाठी स्वतःची लिनक्स आवृत्ती तयार करून देते. शिक्षकांना प्रशिक्षण मिळाले, पुस्तके त्याप्रमाणे लिहिली गेली, म्हणून ते टिकले. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनेही २००७ पासून ‘बॉस’ ही भारतीय भाषांसाठीची डेबियनवर आधारित प्रणाली दिली आहे. तिचा प्रसार मर्यादित राहिला, कारण तिच्यामागे तालुक्यापर्यंत पोचणारी माणसे उभी राहिली नाहीत. सॉफ्टवेअर मोफत मिळाले, तरी शिकवणारा आणि दुरुस्त करणारा माणूस लागतोच. लिनक्सची आपल्याकडची खरी उणीव तीच आहे.

क्रोमबुक: थोड्यात भागणाऱ्यांसाठी

२०११ पासून मिळणारी क्रोमबुक ही जवळपास केवळ ब्राउझर चालवणारी यंत्रे आहेत. ती पटकन सुरू होतात, विषाणूंचा त्रास जवळजवळ नसतो आणि २०२१ नंतरच्या नमुन्यांना गूगलने १० वर्षे अपडेटचे आश्वासन दिले आहे. जुन्या संगणकावर बसवता येणारे ‘क्रोमओएस फ्लेक्स’ही २०२२ पासून मोफत आहे. शाळकरी मुलाच्या अभ्यासाला किंवा ईमेल आणि व्हिडिओ कॉलपुरता संगणक हव्या असलेल्या आजीआजोबांना ते पुरेसे आहे. पण इंटरनेट गेले, की त्याचे निम्मे हात बांधले जातात आणि सगळे काही गूगल खात्यातून जाते. क्रोमओएस आणि अँड्रॉइड एकत्र आणण्याचा विचार गूगलने २०२५ मध्ये जाहीर केला आहे. त्यामुळे लांब पल्ल्याचा विचार करणाऱ्याने थोडे थांबलेले बरे.

मराठीची कसोटी

मराठी माणसाच्या रोजच्या वापरात ही कसोटी सर्वांत वर असायला हवी, आणि आढाव्यांतून नेमकी तीच गळते.

आज तिन्ही मोठ्या प्रणालींत युनिकोड मराठी व्यवस्थित दिसते आणि लिहिता येते. विंडोजमध्ये देवनागरीची सोय २००० च्या आवृत्तीपासून आहे. २०१९ पासून इंग्रजी अक्षरांनी मराठी उमटवणारा फोनेटिक कळफलकही आतच मिळतो. मॅकमधली देवनागरी अक्षरे डोळ्यांना फार सुखद आहेत. वर्डच्या मॅक आवृत्तीत मात्र देवनागरी जोडाक्षरे बरीच वर्षे धड जुळत नव्हती. ती अडचण २०१६ च्या आवृत्तीने मिटली. लिनक्समध्ये इनस्क्रिप्ट, फोनेटिक आणि आयट्रान्स असे मराठीचे निरनिराळे कळफलक मोफत मिळतात. ग्नोम आणि केडीई या त्याच्या पडद्यांचे मराठी भाषांतर स्वयंसेवकांनी केले आहे, जरी ते पूर्ण नाही. लिबर ऑफिसला मराठी शुद्धलेखन तपासणी जोडता येते. टेसरॅक्ट हा मोफत प्रोग्रॅम छापील मराठी पान वाचून त्याचा मजकूर करून देतो. जुन्या पुस्तकांवर काम करणाऱ्या कोणालाही ही देणगी वाटावी.

खरी अडचण युनिकोडपूर्व फॉन्टची आहे. श्रीलिपी, आकृती यांसारख्या संचांवर आपल्या नियतकालिकांची, दिवाळी अंकांची आणि छापखान्यांची दोन-अडीच दशके उभी राहिली. त्या काळातला मजकूर आजच्या यंत्रावर उघडला, तर इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन गठ्ठा दिसतो. मूळ फॉन्ट आणि अनेकदा मूळ पेजमेकर असल्याशिवाय तो वाचता येत नाही. अडोबीने पेजमेकरची नवी आवृत्ती काढणे २००२ च्या सुमारासच थांबवले. तरीही ते जिवंत ठेवणारी जुनी विंडोज यंत्रे आपल्या डीटीपी केंद्रांत अजून दिसतात, कारण त्यांच्या पोटात मराठीचा फार मोठा ऐवज आहे. माझी कळकळीची सूचना अशी, की हे मजकूर यंत्रे चालू आहेत तोवर युनिकोडमध्ये आणून ठेवा. त्यासाठी मोफत रूपांतरकही मिळतात. यंत्र मेल्यावर हे काम जवळजवळ अशक्य होते.

फॉन्ट निवडताना ‘दुसऱ्या’, ‘वऱ्हाड’ या शब्दांतला र आणि मराठी वळणाचे ल व श नीट उमटतात का, हे पाहून घ्यावे. सगळ्याच प्रणालींतले मूळ फॉन्ट हिंदी वळणाला झुकलेले असतात. ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’ किंवा ‘बालू’ यांसारखे मुक्त परवान्याचे देवनागरी फॉन्ट तिन्हींवर बसतात, आणि ते आपल्याच मुंबईतल्या मंडळींनी घडवलेले आहेत.

सुरक्षेबद्दलचे दोन धडे

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवत बंद पडले. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. दोष विंडोजचा नव्हता. पण सगळ्यांनी एकाच प्रणालीवर आणि एकाच पुरवठादारावर भिस्त ठेवली, की एका चुकीने सगळे एकदम अडते, हे त्या दिवशी सर्वांना दिसले.

लिनक्सही आपोआप सुरक्षित नसते. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या एका छोट्या पण सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कोणीतरी जाणूनबुजून चोरदार ठेवल्याचे उघड झाले. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रावर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले. तो धागा धरून त्यांनी ते शोधले. फ्रॉइंड मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरी करतात. कोड सगळ्यांना पाहता येत होता, म्हणूनच त्यांना शेवटपर्यंत जाता आले. उघडा कोड ही हमी नव्हे, पण तपासणीची संधी नक्कीच आहे.

घरातल्या माणसाने यातून घ्यायचे ते साधे. अपडेट टाळू नयेत, अनोळखी प्रोग्रॅम बसवू नयेत आणि महत्त्वाच्या फायलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवावी. प्रणाली कोणतीही असो, हे तीन नियम पाळणारा बहुतेक संकटांतून वाचतो.

माझा कौल

टॅली, डिजिटल सही, ठसे घेणारी यंत्रे, कोरल ड्रॉ किंवा मॅक्रो असलेल्या एक्सेल यांवर ज्यांचे पोट आहे, त्यांनी अधिकृत विंडोज ११ घ्यावी. खाते स्वतःच्या नावावर ठेवावे आणि किल्ली लिहून ठेवावी. वनड्राइव्हला काय द्यायचे, हे स्वतः ठरवावे. चित्र, संगीत, चित्रपट यांत काम करणाऱ्यांनी, किंवा सात-आठ वर्षे त्रास न होता लिहायचे आहे आणि तेवढा खर्च परवडतो अशांनी, १६ जीबीचा मॅक घ्यावा.

बाकीच्यांसाठी, म्हणजे वाचन, लेखन, ब्राउझर, हिशेबाची साधी पत्रके, व्हिडिओ आणि फोटो एवढेच काम असलेल्या फार मोठ्या वर्गासाठी, माझे मत स्पष्ट आहे: लिनक्स मिंट. विशेषतः विंडोज ११ ने नाकारलेला संगणक घरात असेल, तर तो भंगारात देण्यापूर्वी त्यावर मिंट चालवून पाहावे. ही प्रणाली खाते मागत नाही, जाहिरात दाखवत नाही, आपण काय करतो ते कोणाला कळवत नाही आणि केव्हा अपडेट व्हायचे हे आपल्याला विचारते. ज्याचे यंत्र त्याचा हुकूम, हे तत्त्व आजच्या बाजारात तिनेच प्रामाणिकपणे पाळले आहे. ज्यांचे एखादेच काम विंडोजवर अडते, त्यांनी एकाच यंत्रावर दोन्ही ठेवाव्यात.

शाळांना आणि संगणक-वर्ग चालवणाऱ्यांना माझी विनंती अशी. मुलांना विंडोज शिकवाच, ती नोकरीत लागणार आहे. पण वर्गातल्या निदान एका जुन्या संगणकावर लिनक्स बसवा आणि मुलांना त्याच्या आत डोकावू द्या. संगणक हे उघडून पाहण्याजोगे यंत्र आहे, एवढी जाणीव त्यातून आली तरी खूप झाले. आणि गावातल्या दोन-चार तरुणांनी मिंट बसवून देण्याचे काम शिकून घेतले, तर केरळला जे जमले ते आपल्यालाही जमेल. त्यासाठी कोणाच्या परवान्याची गरज नाही. एक पेन ड्राइव्ह आणि एक मोकळी दुपार पुरे आहे.